मामंजींचा ओटीपी ब्युरोला द्यायचा का?

प्रश्न : आम्ही करवीर तालुक्यात नदीकाठच्या गावात राहतो. माझे सासरे ७३ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. दीड महिन्यापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. खासगी दवाखान्यातून घरी आणलंय. नाकात नळी आहे, लघवीची पिशवी आहे, माकडहाडावर जखम झाली आहे. मालक दूध संघाच्या टँकरवर असतात, म्हणून कोल्हापुरातल्या एका ब्युरोकडून दिवसा सिस्टर ठेवली आहे. ब्युरोवाले म्हणतात, सरकारी नियम आहे, आभा कार्ड काढलंच पाहिजे, नाहीतर सिस्टर पाठवता येणार नाही. मामंजींचा आधार नंबर आणि एक ओटीपी मी दिला. मग दुसरा मागितला, तेव्हा घाबरून फोन ठेवला. सिस्टर रोज जखमेचा फोटो ब्युरोच्या ग्रुपवर टाकते. पुण्याचे धाकटे भावजी म्हणतात, सगळं ऑनलाइन करा, खोलीत कॅमेरा लावा. आत्याबाई म्हणतात, घरचं दुखणं चव्हाट्यावर कशाला? शिवाय या कार्डावर सिस्टरचे पैसे सरकार देतं का? काय करू?
– एक सून, ता. करवीर

ताई, दुसरा ओटीपी सांगितला नाहीत हे फार बरं केलंत. आता पहिल्याचं काय झालं ते बघू.

आभा म्हणजे आपले दवाखान्याचे कागद ऑनलाइन जोडण्यासाठीचा सरकारी आरोग्य नंबर. तो काढताना आधार नंबर टाकला की ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, म्हणजे तुमच्याकडे मामंजींच्या फोनवर आला असणार. तो भरला की पुढं विचारतात, यापुढं संपर्कासाठी कुठला मोबाइल ठेवायचा. तिथं आधारचाच नंबर द्यावा असं बंधन नाही. फॉर्म भरणाऱ्यानं त्या जागी ब्युरोचा नंबर टाकला, तर कार्ड निघेल मामंजींच्या नावाचं आणि निरोप जातील ब्युरोच्या फोनवर. अमुक दवाखान्याला तुमचे कागद बघायचेत, परवानगी देता का, ही विचारणासुद्धा तिकडंच. आपल्याकडं सोसायटीच्या कर्जरोख्यावर अंगठा उठवताना माणूस चार जणांना विचारायचा, कशावर उठवतोय म्हणून. ओटीपी हा तसाच अंगठा आहे, फक्त शाई दिसत नाही. तो कशासाठी आलाय हे त्या मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. आकडे वाचून दाखवायच्या आधी ती ओळ वाचा. इंग्रजीत असली तर पोराबाळांकडून वाचून घ्या, पण वाचा.

तेव्हा आजच्या आज एक काम करा. मामंजींचा फोन जवळ ठेवून तुमच्या मोबाइलवर आभाचं अधिकृत अॅप घ्या, आधारच्या ओटीपीनं आत जा आणि प्रोफाइलमध्ये कुठला मोबाइल नंबर दिसतो ते बघा. तुमच्या घरचा नसेल तर तिथंच बदला. कुठल्या दवाखान्याचे कागद जोडलेत, कुणाला परवानगी दिली आहे, हेही दिसतं. न दिलेली परवानगी दिसली तर ती रद्द करता येते. कार्डच नको असं वाटलं तर ते तात्पुरतं बंद करायची सोय आहे, कायमचं पुसायचीही आहे. अॅपमध्ये अडलात तर १८००-११-४४७७ हा टोल फ्री नंबर याच कामासाठी आहे. त्यांनाही ओटीपी सांगायचा नाही, कुणालाच नाही.

आता ‘सरकारी नियम’. असा नियम नाही. आभा ज्याच्यात निघतं ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं २७ सप्टेंबर २०२१ ला, आणि ते चालवतं राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण. त्याचं आरोग्य डेटा व्यवस्थापन धोरण डिसेंबर २०२० मध्येच आलेलं आहे. यात सामील व्हायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे आणि आभा नाही म्हणून कुणाला उपचार नाकारता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. आधारशिवायही आभा निघू शकतं, वाहन परवान्यावर. मग एवढी घाई कसली, असं तुम्हाला वाटेल. १ जानेवारी २०२३ ला केंद्रानं एक प्रोत्साहन योजना सुरू केली. ठरावीक आकड्याच्या वर जितक्या नोंदी आभाला जोडल्या जातील त्यामागं दवाखान्यांना, लॅबना आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्यांना पैसे द्यायचे असं त्यात ठरलं. यात गैर काही नाही, कागद डिजिटल व्हावेत म्हणून सरकारनं लावलेलं ते आमिष आहे. पण ‘काढा, सोयीचं आहे’ आणि ‘काढलंच पाहिजे’ या दोन वाक्यांत फरक आहे, आणि तो फरक तुमच्या उंबऱ्यावर येईपर्यंत कुणीतरी गिळून टाकलाय. ब्युरोला सरळ विचारा, हा नियम कुठल्या परिपत्रकात आहे, त्याची प्रत द्या. बहुतेकदा विषय तिथंच संपतो.

पैशाचं एका दमात सांगते. आभा हा नुसता चौदा आकडी नंबर आहे, त्याच्यावर एक रुपयाही मिळत नाही. पैसे मिळतात ते आयुष्मान कार्डावर. नावं सारखी असल्यामुळं निम्म्या गावाचा घोळ होतो. मामंजी सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यामुळं ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांना मिळू शकतं. त्याला उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. ते जरूर काढा, चौकशीचा नंबर १४५५५. पण ते योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडतं. दवाखान्यातून सोडल्यानंतरच्या १५ दिवसांचा औषधपाण्याचा खर्च केंद्राच्या योजनेत धरलेला असतो. घरी येणाऱ्या सिस्टरचा पगार त्यात नाही. महात्मा फुले योजनेचंही तेच. घरातली शुश्रूषा आपल्या सरकारी योजनांनी अजून खर्च म्हणून मानलेलीच नाही. ती सुनेनं करायची आणि फुकट करायची, असं धरूनच हिशेब मांडलेला दिसतो. असो.

पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. मामंजींना कुणी विचारलं का?

उजवी बाजू जाते तेव्हा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते, आणि बोलण्याचं केंद्र बहुतेकांत तिथंच असतं. म्हणून वाचा जाते. पण वाचा गेली म्हणजे समज गेली असं नव्हे. वॉर्डात नोकरी करताना मी असे रुग्ण पाहिलेत, ज्यांच्या डोक्याशी उभं राहून घरचे जमिनीच्या वाटणीचं बोलत होते आणि माणूस टक्क जागा राहून सगळं ऐकत होता. काहींची समजही थोडी गडबडलेली असते, हो म्हणायचं तिथं नाही म्हणतात, हेही खरं. म्हणून आधी पारख करा. ‘तुमचं नाव अमुकच ना?’ असं त्यांचं खरं नाव घेऊन विचारा, मग चुकीचं नाव घेऊन विचारा. ‘आज सोमवार?’ ‘आत्ता रात्र आहे?’ असे उलटसुलट चार प्रश्न टाका. मान हलवून किंवा डाव्या हातानं नीट उत्तरं आली, तर माणूस जागेवर आहे. मग आभाचं, फोटोचं, कॅमेऱ्याचं, सगळं त्यांनाच विचारायचं. सावकाश, एका वेळी एकच गोष्ट, टीव्ही बंद करून. त्यांनी नाही म्हटलं तर नाही. पुण्याच्या भावजींनाही नाही.

समजच नसेल तर? मघाच्या त्या आरोग्य डेटा धोरणात तीही सोय आहे. माणूस इतका आजारी असेल की त्याला वैध संमती देता येत नाही, तर त्यानं नेमलेली व्यक्ती, आणि तशी कुणी नेमलेली नसेल तर घरातला सज्ञान माणूस त्याच्या वतीनं संमती देऊ शकतो. घरातला माणूस म्हणजे तुम्ही, मालक, आत्याबाई. ब्युरोचा सुपरवायझर त्यात बसत नाही.

आत्याबाईंची भीती मला अर्धी पटते. आभा काढलं की मामंजींचे सगळे कागद दिल्लीतल्या कुठल्या तरी कपाटात जाऊन पडतील असं त्यांना वाटत असेल, तर तसं होत नाही. कागद ज्या दवाखान्यानं, ज्या लॅबनं तयार केले त्यांच्याकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरला ते बघायचे असतील तर कुठले कागद, कुठल्या तारखेपासूनचे, कशासाठी आणि किती दिवस, हे सांगून परवानगी मागावी लागते आणि दिलेली परवानगी काढून घेता येते. ही रचना चांगली आहे, मला ती आवडते. पण ब्युरोचं स्वतःचं अॅप आणि ब्युरोचा व्हॉट्सअॅप ग्रुप या रचनेत येत नाहीत. तिथं काय साठवलं, कुणी पाहिलं, सिस्टर बंद केल्यावर ते पुसलं की नाही, हे आभाला कळतसुद्धा नाही. केंद्राचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि तोही टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. तोवर तुमच्या हातात आहे तो ब्युरोशी झालेला करार. त्यात या गोष्टी लिहून मागा. छापील करारात नसल्या तर पेननं लिहून सही घ्या.

जखमेचे फोटो मात्र बंद करू नका. झोपून झालेली जखम भरतेय की खोल जातेय हे रोजच्या नजरेला कळत नाही, आठवड्यापूर्वीचा फोटो शेजारी ठेवला की कळतं. फक्त पद्धत बदला. फोटो तुमच्या फोनमधून काढायचा, सिस्टरच्या नाही. शेजारी पट्टी धरायची म्हणजे आकार कळतो, चिठ्ठीवर तारीख लिहायची, चेहरा येऊ द्यायचा नाही आणि जखमेपुरतं सोडून बाकी अंग झाकायचं. तो जाईल जखम बघणाऱ्या डॉक्टरांना आणि ब्युरोच्या ज्या एका जबाबदार नर्सनं ड्रेसिंग ठरवायचं असेल तिला. दहा-पंधरा जणांच्या ग्रुपवर, जिथं हिशेबनीससुद्धा आहे, तिथं मामंजींच्या कंबरेचं काय काम? जुने फोटो ग्रुपमधून काढायला सांगा.

आणि घरात एक वही करा. अॅप असो, नसो. शंभर पानी, रेघांची, उशाजवळ दोऱ्यानं बांधलेली. ब्युरोची सिस्टर तिच्या मोबाइलमध्ये ‘व्हायटल्स’ भरते ते ब्युरोकडं जातं. रात्री दोन वाजता मामंजींना घाम फुटला तर तुमच्या हाताशी काय आहे? वहीत वेळ टाकून बीपी, साखर, नळीतून किती दिलं, पिशवीत लघवी किती आली आणि कुठल्या रंगाची, कूस कधी बदलली, शौचाला झालं का, कुठली गोळी दिली आणि कुठली चुकली, एवढं लिहायचं आणि लिहिणाऱ्यानं खाली नाव टाकायचं. कूस दर दोन तासांनी बदलायची असते. ते रकाने रिकामे दिसले की जखम का भरत नाही ते सांगायला डॉक्टर लागत नाही. नळीतून देताना आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास डोकं उंच होतं का, तेही लिहा. सपाट झोपवून दिलेलं छातीत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. पहिल्या पानावर नाकातली नळी कधी घातली, लघवीची नळी कधी घातली, कुठल्या नंबरची, साधी रबराची की सिलिकॉनची, हे ठळक लिहा. दोन्हींची मुदत वेगळी असते आणि बदलायची तारीख विसरली की ताप येऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल पेननं. पुढं दात काढायची वेळ आली तरी ती आधी सांगावी लागते.

रोज रात्री त्या पानाचा फोटो काढून भावजींना पाठवा. त्यांची काळजी खोटी नाही, लांब असलेल्या लेकाला काहीतरी करावंसं वाटतं आणि करता येत नाही, मग तो कॅमेरे सुचवतो. त्यांना काम द्या. अॅपमधली परवानग्यांची पाहणी, वय वंदना कार्डाची चौकशी, ब्युरोच्या कराराचं वाचन, ही पुण्यात बसून होणारी कामं आहेत. कॅमेरा नको असं माझं मत आहे. त्याच खोलीत मामंजींना अंग पुसतात, त्यांचे कपडे बदलतात, आणि ती चित्रं कुठल्या कंपनीच्या यंत्रात जाऊन बसतात ते भावजींनाही सांगता यायचं नाही. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्रण करणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ई कलमाखाली गुन्हा आहे, घरातला माणूस म्हणून त्यात सूट नाही. सिस्टर हात उगारते, झोपते अशी शंका असेल तर कॅमेऱ्याआधी सिस्टर बदला.

सिस्टरचं निघालंच आहे तर तिची नोंदणी बघितलीत का? जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेल्या नर्सकडं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो, मागितला की ती दाखवते, राग मानत नाही. ब्युरो कधी नर्स म्हणून मावशी पाठवतात. मावशी मायेची असेल, अंघोळ, कपडे, कूस बदलणं ती उत्तम करेल, पण नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं, इंजेक्शन हे तिचं काम नाही. महाराष्ट्रानं २०१० चा केंद्राचा दवाखान्यांच्या नोंदणीचा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही, आणि आपल्याकडचा १९४९ चा नर्सिंग होम कायदा दवाखान्यांची नोंदणी करतो, घरी सिस्टर पुरवणाऱ्यांकडं त्याचं लक्ष नाही. म्हणून ही तपासणी तुम्हालाच करायची आहे.

औषधाचा डोस फोनवरून बदलला जात असेल तर तो कोण बदलतंय ते विचारा. टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचाराच्या, मार्गदर्शक सूचना २५ मार्च २०२० च्या आहेत. त्यानुसार रुग्णाच्या वतीनं घरची व्यक्ती डॉक्टरांशी बोलू शकते, पण औषध लिहून द्यायचं ते नोंदणीकृत डॉक्टरनं, आणि चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक हवा. ब्युरोचा कोऑर्डिनेटर ‘सर म्हणाले अर्धी गोळी वाढवा’ म्हणतो, ते चालत नाही. गावातल्या उपकेंद्रात, आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर ते तुम्हाला मोठ्या डॉक्टरांशी व्हिडिओवर जोडून देतात, फुकट. आशाताईंना सांगून त्यांना एकदा घरी बोलवा. ब्युरोपेक्षा ही माणसं तुमच्या जास्त जवळची आहेत.

आता मी तुमच्या जागी असते तर आभा काढलं असतं का? असतं, पण स्वतःच्या हातानं, घरच्या नंबरावर आणि मामंजींना विचारून. कारण तुम्ही नदीकाठच्या आहात. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेनं काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. २०१९ ला तर महामार्गच बंद होता. पत्र्याच्या पेटीतले कागद लगदा झाले आणि लोक निवारा केंद्रात येऊन ‘ती पांढरी, अर्धी गोळी’ असं सांगत होते. डॉक्टरनं त्यावरून काय समजायचं? म्हणून आत्ताच सगळ्या कागदांचे फोटो काढून अॅपमध्ये चढवा, तशी सोय त्यात आहे. आभा काढलं की जुने कागद आपोआप आत दिसतील असं समजू नका. दवाखान्यानं डिजिटल करून जोडले तरच दिसतात, आणि पुष्कळांनी अजून केलेले नाहीत. ईसीजीचा फोटो सगळ्यात आधी. तो उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावर असतो आणि वर्ष-दोन वर्षांत पुसट होतो. मेंदूच्या स्कॅनची नुसती फिल्म आणली असेल तर सीडी मागून घ्या. मूळ कागद आणि वही जाड प्लास्टिकच्या पिशवीत, पोटमाळ्यावर. आणि पाणी इशारा पातळीकडं सरकायला लागलं की गावातून निघणाऱ्या पहिल्या गाडीत मामंजी असले पाहिजेत. नळी असलेल्या माणसाला होडीत घालायची वेळ येऊ देऊ नका.

राहता राहिला खासगी दवाखाना. डिस्चार्ज कार्डावर सगळं नसतं, आतला केसपेपर वेगळा असतो. तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम सांगतात की दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपायची, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकानं मागितल्यावर ७२ तासांत द्यायची. साध्या कागदावर अर्ज लिहा, दाखल केल्याची आणि सोडल्याची तारीख टाका, मामंजींचा डाव्या हाताचा अंगठा घ्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. झेरॉक्सचे पैसे मागतील, ते द्या. पोच देत नाही म्हणाले तर अर्ज रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.